मुरारीच्या पायाखालची धडधड

मी मुरारीच्या पिकअपमधला एबीएस बोलतोय. मला फारसं कुणी पाहिलेलं नाही. बॉनेटखाली, ब्रेकच्या तेलाच्या नळ्या जिथे एकत्र येतात, तिथे माझी छोटी पेटी आहे. चावी फिरवली की समोर एक पिवळा दिवा लागतो आणि लगेच विझतो. तेवढीच माझी हजेरी.

माझं काम काळजीचं. प्रत्येक चाकाजवळ माझा एक पहारेकरी बसलेला आहे. चाक किती वेगाने फिरतंय ते तो मला सतत कळवतो. ब्रेक जोरात दाबला की चाक एकदम अडकतं, पण गाडी थांबत नाही, घसरत जाते. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, ती ऐकत नाही. म्हणून मी त्या चाकाचा ब्रेक किंचित सोडतो, पुन्हा धरतो, पुन्हा सोडतो, एका सेकंदात कितीतरी वेळा. त्या धावपळीत पायाखालचं पेडल धडधडतं. मला दुसरी भाषा येत नाही.

आणि मुरारीच्या पायाला ती कळत नव्हती.

त्याला गाडी शिकवली त्याच्या वडिलांनी, कोंडाजींनी. त्यांनी एक जुनी जीप तीस वर्षं चालवली. "ब्रेक शेळी पिळल्यासारखा मारायचा," ते सांगत. "दाब, सोड, दाब, सोड. धरून ठेवलास की गेलास." त्यांचं चुकत नव्हतं. त्या जीपमध्ये माझ्यासारखं कुणी नव्हतं. माझं काम त्यांचा पाय करायचा.

गेल्या आठवड्यात पोलादपूरजवळच्या उतारावर म्हैस आडवी आली. मुरारीने ब्रेक दाबला, मी धडधडलो, आणि काहीतरी तुटलं असं वाटून त्याने पाय उचलला. पाय उचलल्यावर मी काय करणार? गाडी चरीत उतरली. म्हैस रवंथ करत बघत राहिली.

आज सकाळी गाडी बिरवाडीला महादू मेकॅनिककडे आली.

"याचा फ्यूज काढून टाक," कोंडाजी म्हणाले.

"काका, धडधडतंय म्हंजे काम करतंय. पाय दाबून धरायचा, उचलायचा नाय."

"तुझा बाप चड्डीत होता तवापासून मी घाट उतरतोय."

"म्हणून तर सांगतोय. पाय जुना हाय, गाडी नवी हाय."

मुरारी दोघांकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "हिरकणीवाडीला काकड्या पोचवून येतो. आल्यावर काढ."

कोंडाजीही शेजारी बसले. सगळा चढ मी धास्तीत काढला. फ्यूज काढला तरी ब्रेक लागतील. पण अडकलेलं चाक सोडवायला कुणी नसेल.

परतताना गाडी रिकामी होती. रिकाम्या पिकअपची मागची चाकं हलकी, लगेच घसरतात. झाडांच्या सावलीतलं वळण ओलं होतं, आणि वळणापलीकडे ताक विकणाऱ्या बयाबाई, कळशी डोक्यावर घेऊन, रस्त्याच्या मधोमध.

मुरारीने ब्रेक दाबला. मी धडधडलो.

"सोड रे, पाय सोड," शेजारून कोंडाजी ओरडले.

पाय हलका झाला. मला वाटलं, संपलं. मग तो पूर्ण वजनाने खाली आला आणि तिथेच राहिला. चाकं फिरत राहिली म्हणून गाडीने स्टिअरिंगचं ऐकलं. बयाबाईंना वळसा घालून गाडी डोंगराच्या कडेला थांबली.

कळशी डोक्यावर तशीच होती. "लोकं पैसे देऊन रोपवेनं वर गडावर जातात," बयाबाई म्हणाल्या. "तू मला फुकटात पाठवत होतास काय रे?"

मुरारीला हसू येईना. कोंडाजी त्याच्या पायाकडे बघत होते.

"पाय सोडला नाय तू," ते म्हणाले.

"नाय, आबा."

"उतर. मी चालवतो. बघू दे काय म्हणतंय ते."

आता कोंडाजी स्टिअरिंगवर बसलेत. चप्पल काढून अनवाणी पाय त्यांनी पेडलवर ठेवलाय. या पायाची आणि माझी ओळख नाही. पुढे उतार आहे, आणि रस्ता अजून ओला आहे. कोंडाजी, मी धडधडलो तर तो माझा आजार समजू नका. तीस वर्षांची सवय एका क्षणापुरती विसरा, आणि पाय उचलू नका.