ओल्डरॉइडची शून्य टॅक्सची गाडी

क्लिफर्ड ओल्डरॉइड आमच्या रेव्हनबीत तीसेक वर्षं पार्किंगच्या पावत्या फाडत होता, आणि त्याने कुणाला एकदाही सोडून दिल्याचं ऐकिवात नाही. चर्चमध्ये मयताला आलेल्या गाड्यांच्या पावत्या त्याने फाडल्या. एकदा खुद्द शववाहिकेची फाडली. आत मयत होतं का, असं कुणीतरी विचारलं तर म्हणाला, "ते मी बघितलं नाही. चाकं पिवळ्या रेघेवर होती, तेवढं बघितलं."

त्यामुळे तो रिटायर झाला तेव्हा गावाने काही समारंभ केला नाही. त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

पुढे साखरेच्या आजारात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. लाकडी पाय आणि दोन काठ्या यांवर तो गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. त्याच वर्षी त्याची बायको ऑड्री न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. डोकं शाबूत, जीभ तर फारच शाबूत, पण उठता येईना. क्लिफर्डला तिला उचलता येईना. शेवटी मुलीने, गेलने, तिला केटलबीच्या वृद्धाश्रमात ठेवलं. केटलबी आमच्यापासून दीड-दोन मैल. पूर्वी बस जायची, ती बंद झाली. गेल हल शहरातल्या इस्पितळात नर्स, ती रविवारी येऊन बापाला घेऊन जायची. उरलेले दिवस क्लिफर्ड आणि ऑड्री फोनवर भांडायची.

"स्कूटर घे," गेल म्हणाली. म्हणजे म्हाताऱ्या माणसांची ती बॅटरीवरची, चार चाकं, खुर्ची आणि पुढे टोपली असलेली. पण केटलबीच्या रस्त्याला फुटपाथ नाही, दोन्ही बाजूंना नुसती कुंपणाची झुडपं. फुटपाथवर चालणारी छोटी स्कूटर तिथे उपयोगाची नव्हती. रस्त्यावर चालणारी, ताशी आठ मैलांची मोठी हवी होती. तशी गावात एकच विकाऊ होती, आणि ती म्युरिअल स्पिंककडे होती.

म्युरिअलचा नवरा लेन त्याच वसंतात वारला होता. त्याचं मासळीचं दुकान होतं. रोज सकाळी लेन व्हॅन दुकानासमोर पिवळ्या रेघेवर, म्हणजे गाडी लावायला बंदी असलेल्या जागी, लावायचा आणि रोज सकाळी क्लिफर्ड पावती फाडायचा. दोघांनी त्यात कधी खंड पडू दिला नाही.

म्युरिअल आणि क्लिफर्ड शाळेत एका वर्गात होते. तिने दार उघडून त्याच्याकडे पायापासून वरपर्यंत बघितलं.

"तो मेल्यावर तरी तू त्याच्या गाडीचा पिच्छा सोडशील, असं वाटलं होतं."

"विकायची आहे ना?"

"आहे. घरात धूळ खातेय. बस त्यावर, घेऊन जा."

क्लिफर्ड गाडीभोवती फिरला. दिवे बघितले, आरसा बघितला, हॉर्न वाजवून बघितला. मग म्हणाला, "हिची नोंदणी कुठाय?"

"कसली नोंदणी?"

"रस्त्यावर चालणाऱ्या स्कूटरची नोंदणी लागते, म्युरिअल. मोटारीसारखी."

"लेन सहा वर्षं हिंडला यावरून. समुद्रापर्यंत जायचा. त्याला कुणी विचारलं नाही."

"मी रिटायर झालो होतो," क्लिफर्ड म्हणाला.

त्याने सौदा पक्का केला, पण गाडीवर बसला नाही. नोंदणीचं पत्र येईपर्यंत ती म्युरिअलच्याच आवारात राहू दे म्हणाला. म्युरिअलने दार लावून घेतलं, पण बॅटरी मात्र रोज चार्जिंगला लावायची.

इथे माझा संबंध आला. मी गावच्या पोस्टात खिडकीवर बसते. मोटारींचा रोड टॅक्स लोक माझ्याकडे भरतात. क्लिफर्ड काठ्या टेकत आला आणि अर्ज पुढे ठेवला. चासी नंबर, रंग, कंपनीचं नाव, सगळं छापल्यासारखं सुवाच्य लिहिलेलं.

"हा टॅक्सचा, मिसेस दाबके. किती होईल?"

"हा अर्ज माझ्याकडे नाही, टपालाने वाहन खात्याकडे पाठवायचा," मी म्हटलं. "आणि अशा गाडीला टॅक्स शून्य."

"शून्य ठीक आहे. पण भरायचा कसा?"

"भरायचा नाही. शून्य आहे."

"म्हणजे टॅक्स नाही?"

"टॅक्स आहे. तो शून्य आहे. गाडी नोंदवायला मात्र हवी."

त्याने थोडा विचार केला. त्याच्या मागे रांग लागली होती, आणि रांगेतल्या निम्म्या लोकांच्या त्याने कधी ना कधी पावत्या फाडल्या होत्या.

"आणि न भरल्याची पावती?"

"ती मिळत नाही."

"मग मी भरला नाही हे कळायचं कसं?"

"ओल्डरॉइड," मागून बेकरीवाला म्हणाला, "तू भरला नाहीस हे मी सगळ्यांना सांगेन. आता सरक."

मी तो अर्ज रजिस्टर टपालाने पाठवला. त्याची पावती त्याने नीट घडी करून ठेवली.

मग आठवडे गेले. हस्तलिखित अर्जाला वेळ लागतोच, त्यात कुणाची चूक नाही. ऑड्री फोनवर विचारायची, "निघालास का?"

"कागद यायचाय."

"लोकांना आयुष्यभर कागद वाटलेस. आता एका कागदासाठी बस तोंड वासून."

"आला की निघालोच."

"तोवर मी असले म्हणजे मिळवली," ऑड्री म्हणायची आणि फोन ठेवायची.

सप्टेंबरात एका मंगळवारी दुपारी आश्रमातून फोन आला. ऑड्रीच्या छातीत कफ झाला होता, ताप चढला होता, डॉक्टर येऊन गेले होते. कुणी भेटायला येऊ शकत असेल तर आज यावं, असं तिथली बाई फार जपून म्हणाली. गेल ड्यूटीवर होती, तिचा फोन लागेना. गावातल्या एकुलत्या टॅक्सीवाल्याने तासभर लागेल म्हणून सांगितलं. शेजारचा माणूस घरात नव्हता.

क्लिफर्ड काठ्यांवर म्युरिअलच्या दारात गेला. तिने नंतर सांगितलं, त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

"किल्ली दे," तो म्हणाला.

"कागद आला?"

"किल्ली दे, म्युरिअल."

तिने किल्ली दिली. वर लेनचा रेनकोटही दिला, कारण भुरभुर चालू होती. त्या रेनकोटाला सहा महिन्यांनंतरही मासळीचा वास होता. क्लिफर्डने तो मुकाट्याने चढवला, दिवा लावला, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कायदा मोडायला बाहेर पडला. चौकात येऊन त्याने डावीकडे वळायचा इशाराही दिला.

आश्रमात पोचला तेव्हा ऑड्री उशांना टेकून होती. श्वास घरघरत होता. तिने डोळे उघडले.

"तुला कुणी आणलं?"

"मीच आलो."

"कागद आला?"

"नाही."

तिने त्याच्या ओल्या रेनकोटाकडे बघितलं.

"रस्त्याने आलास?"

"रस्त्यानेच. फुटपाथ कुठाय."

"दिवा लावला होतास?"

"लावला होता."

"बरं," ऑड्री म्हणाली. मग तिने त्याचा हात धरला. रात्री गेल आली तेव्हाही तो तसाच धरलेला होता. चारचौघांत आईने बाबांचा हात धरलेला मी जन्मात बघितला नव्हता, असं गेल मला म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. ऑड्रीने जेवणाला नावं ठेवली तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. गेल म्हणाली, "बाबा, आता घरी जा. स्कूटर आहेच."

"त्यावरून नाही जाणार."

"आलात ना त्यावरून?"

"आलो तो एक गुन्हा. परत गेलो तर दोन होतील."

शेवटी तिनेच त्याला मोटारीतून घरी सोडलं. म्युरिअलला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आता गाडी तिकडे आणि तू इकडे. लेन असता तर हसून हसून मेला असता." मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन तिने त्याला चहासाठी आत घेतलं.

घरी येऊन क्लिफर्डने पोलिसांना पत्र लिहिलं. तारीख, वेळ, रस्ता, स्वतःचं नाव. चार-पाच दिवसांनी थ्वेट नावाची तरुण कॉन्स्टेबल आली. तिने पत्र दोनदा वाचलं.

"मिस्टर ओल्डरॉइड, तक्रार कुणाची आहे?"

"माझी."

"कुणाविरुद्ध?"

"माझ्याच."

"कुणाला लागलं? कशाला धडक बसली?"

"नाही."

"बायको कशी आहे?"

"शिव्या देते."

थ्वेटने टोपी मांडीवर ठेवली. "मी तुम्हाला तोंडी समज देते. पुन्हा असं करू नका."

"लेखी नाही?"

"लेखी नाही."

तो दारापर्यंत तिला सोडायला गेला. त्याचं समाधान झालं नव्हतं, हे तिलाही दिसलं असावं. कारण फाटकातून ती परत आली आणि म्हणाली, "माझी आजीही एका आश्रमात होती. मला पोचायला उशीर झाला." मग ती गेली. क्लिफर्डने जाऊन फाटकाची कडी लावली.

ऑक्टोबरात नोंदणीचं पत्र आलं. गेलने त्याला केटलबीला नेलं. ऑड्रीने चष्मा मागवून ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं.

"टॅक्स शून्य," ती म्हणाली. "एवढी रडारड शून्यासाठी?"

"नोंदणीसाठी."

"तुझं नाव बरोबर लिहिलंय, तेवढं खरं."

त्या दिवशी तो स्कूटरवरून पहिल्यांदा रीतसर घरी आला. मागे एक ट्रॅक्टर, दोन मोटारी आणि मासळीची व्हॅन अशी वरात. व्हॅनमध्ये लेनचा मुलगा होता. कुणीतरी हॉर्न वाजवला. झुडपांत जागा सापडली तिथे क्लिफर्डने गाडी बाजूला घेतली आणि सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. लेनच्या मुलाने जाताना काच खाली केली, बापाच्या स्कूटरकडे बघितलं, आणि काच वर केली.

आता तो रोज दुपारी जातो, पाऊस असला तरी जातो. ऑड्री हिंडायला लागलेली नाही, लागेल असंही डॉक्टर म्हणत नाहीत. परवा मी तिला भेटायला गेले होते. क्लिफर्ड खिडकीशी बसून बिस्किट खात होता.

"रोज येतो हे ठीक आहे हो," ऑड्री मला म्हणाली, त्याला ऐकू जाईल अशा बेताने. "पण रोज बोलायचं काय, ते सांगा."