परुळेकरांचा पॅच

सुदेश परुळेकरांचा पहिला पॅच रिव्ह्यूला आला, तेव्हा दर्शना भोईरने तो लगेच उघडला नाही. ती कॅन्टीनमध्ये गेली, सावकाश चहा प्यायली आणि जागेवर परत येऊन तिने नाव पुन्हा वाचलं. नाव तेच होतं. माणूसही तोच होता, हे तिला आठवड्यापूर्वीच कळलं होतं. मॅनेजर त्यांना ऑफिसभर फिरवून ओळखी करून देत होता. डोक्यावरचे केस गेले होते, पोट सुटलं होतं, पण वाक्य संपवून समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायची सवय गेली नव्हती. त्यांनी मात्र तिला ओळखलं नाही. "नमस्कार मॅडम" म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे सरकले.

कोलशेतच्या त्या ऑफिसात एकच सॉफ्टवेअर बनायचं, लोकांच्या फायली सांभाळणारं. फाईल काल कशी होती, परवा कशी होती, कुणी काय बदललं, सगळं त्यात जपलं जायचं. दर्शना तिथे अकरा वर्षं होती. पॅच, म्हणजे कुणीही केलेला बदल, तिने वाचून मंजूर केल्याशिवाय सॉफ्टवेअरमध्ये जात नसे. माणसं तिला वचकून असत आणि तिला ते आवडायचं.

सोळा वर्षांपूर्वी ती डोंबिवलीत, आजदे गावातल्या मामाकडे राहून परुळेकर सरांच्या कॉम्प्युटर क्लासला जायची. कोलशेतच्या आगरी घरातली, मिठागरावर राबलेल्या राघो भोईरची नात. पहिल्याच आठवड्यात ती उभी राहून घरच्या बोलीत म्हणाली, "सर, मना नाय समजला." सर फळ्याकडून वळले. म्हणाले, "मनाला कशाला समजायला हवं? डोक्याला समजलं तरी पुरे." चाळीस पोरं हसली. तिथे संपलं असतं तर ती विसरलीही असती. पण सरांना तो विनोद फार आवडला. रोज काही समजावून झालं की ते तिच्याकडे बघून विचारायचे, "काय, मना समजला का?" पोरं तिला मनाच म्हणायला लागली. चौथ्या महिन्यात तिने क्लास सोडला. पुढे जे शिकली ते एकटीने, घरी, पुस्तकं आणून. बोलणंही तिने घासूनपुसून असं केलं की आता तिच्या तोंडून घरचा एक शब्द निसटत नसे, घरीसुद्धा नाही.

आणि आता सरांचा क्लास बंद पडला होता, बावन्नाव्या वर्षी ते नव्याने नोकरीला लागले होते, आणि त्यांचा पॅच तिच्यापुढे होता.

काम फायलींच्या पाथचं होतं. फाईल कुठल्या फोल्डरात आहे तो तिचा पत्ता म्हणजे पाथ. लोक तो कसाही लिहितात, मध्ये जास्तीच्या रेघा पडतात, नको तिथे ठिपके येतात. ते सगळं साफ करून एक सरळ पत्ता करायचा आणि वापरात नसलेली फोल्डरं काढून टाकायची, एवढं परुळेकरांना सांगितलं होतं. त्यांनी ते नीट केलं होतं. दर्शनाने तीनदा वाचलं आणि तिसऱ्या वेळी तिला चूक दिसली.

इंग्रजी नावाचं पहिलं अक्षर मोठं लिहा की छोटं, विंडोजला ते फोल्डर एकच वाटतं. परुळेकरांच्या पॅचला ती दोन फोल्डरं वाटत होती. त्यातलं एक तो जुनं समजून पुसणार होता, आणि प्रत्यक्षात दोन नव्हतीच, म्हणून जे होतं ते सगळंच पुसलं जाणार होतं. जुन्या प्रती ठेवलेलं आतलं फोल्डरही त्यातच होतं.

ती खुर्चीत मागे रेलली. मग तिने कमेंट लिहायला घेतल्या, आणि ही चूक सोडून बाकी सगळ्याबद्दल लिहिल्या.

सत्तावीस कमेंट झाल्या. या नावाचा अर्थ काय. इथे एक जागा जास्त सुटली आहे. हे शाळकरी पोराने लिहिल्यासारखं वाटतं. ही पद्धत वीस वर्षांपूर्वी चालायची. ऑफिसातल्या कुणालाही त्या वाचता येत होत्या आणि सगळ्यांनी वाचल्या. परुळेकरांनी प्रत्येकीखाली 'धन्यवाद, दुरुस्त केलं' असं लिहिलं. दुसऱ्या फेरीत तिने एकोणीस लिहिल्या. तिसऱ्या फेरीत, पहिल्या फेरीत जे बदलायला लावलं होतं तेच पुन्हा पहिल्यासारखं करायला सांगितलं. सकाळच्या मीटिंगमध्ये सगळे उभे असताना तिने विचारलं, "सुदेश, हे तुम्हाला खरंच समजलंय का?" आणि वाक्य संपवून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. कुणीतरी फिसकन हसलं. परुळेकरांनी मान डोलावली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

पाचव्या फेरीच्या वेळी शिवानी तिच्या टेबलापाशी आली. शिवानी टेस्टिंगला होती, आंबिवलीहून यायची, दोन वर्षांपूर्वी लागलेली. मोठ्या-छोट्या अक्षरांची नावं घालून बघितलं तर फोल्डर उडतंय, असं ती हळू आवाजात म्हणाली. चुकत असेन तर सांगा, असंही म्हणाली. दर्शनाने तिला सांगितलं की तू नोंदवू नकोस, मी रिव्ह्यूमध्येच घालते. शिवानी बरं म्हणून गेली.

त्या दिवशी दर्शनाने एकच कमेंट लिहिली, 'विंडोजसकट सगळीकडे नीट तपासलंय ना?' परुळेकरांनी खरोखरच सगळीकडे तपासलं होतं, फक्त नावं सगळी छोट्या अक्षरांत घातली होती. त्यांनी खाली लिहिलं, 'हो मॅडम, तपासलं.' दर्शनाने पॅच मंजूर केला.

संध्याकाळी निघताना ते मुद्दाम तिच्याकडे आले. म्हणाले, "खूप शिकायला मिळालं तुमच्याकडून. इतक्या बारकाईने माझं काम कधी कुणी वाचलं नव्हतं." तिने मान हलवली आणि स्क्रीनकडे बघत राहिली.

नवी आवृत्ती बाहेर पडल्यावर नवव्या दिवशी कल्याणहून फोन आला. तिथे नकाशे काढणारं एक लहानसं ऑफिस होतं, अक्षदा म्हात्रे नावाच्या बाईंचं. आसपासच्या गावांच्या जुन्या मोजण्या, बांध, विहिरी, कुणाचं खळं कुठे होतं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून त्यांनी तीन वर्षं नकाशांवर चढवलं होतं. सकाळी कॉम्प्युटर लावला तर फोल्डर रिकामं. जुन्या प्रतीही गेल्या होत्या. तीन-चार दिवस खटपट करून जेमतेम सातवा हिस्सा परत मिळाला. ज्यांना विचारून लिहिलं होतं त्यातले कितीतरी म्हातारे आता हयात नव्हते.

ऑफिसात मीटिंग झाली. मॅनेजरने रिव्ह्यूचं पान मोठ्या स्क्रीनवर लावलं. दर्शनाचा प्रश्न सगळ्यांना दिसत होता आणि त्याखालचं उत्तरही. परुळेकर उभे राहिले आणि चूक माझीच आहे, मॅडमनी विचारलं होतं, मी तपासलं म्हणून सांगितलं, असं म्हणाले. शिवानी शेवटच्या खुर्चीत बसली होती. दर्शनाने एकदा तिच्याकडे बघितलं. शिवानीने पाण्याची बाटली उघडली, प्यायली नाही, तशीच बंद केली.

परुळेकरांना त्या शुक्रवारी काढलं.

खालच्या गेटपाशी ते रिक्षाची वाट बघत उभे होते. दर्शनाने गाडी थांबवली आणि माजिवड्यापर्यंत सोडते म्हणाली. ते संकोचाने बसले, पिशवी मांडीवर घेतली. ढोकाळीचा सिग्नल गेला. मग तिने क्लासचं विचारलं, आणि मी तुमची विद्यार्थिनी होते, असं सांगितलं. परुळेकर तिच्याकडे वळून बघत राहिले. चेहरा जुळवायचा खूप प्रयत्न केला त्यांनी.

"हो, हो. पहिल्या बाकावर बसायचात ना? हुशार होतात."

ती पहिल्या बाकावर कधी बसली नव्हती. तिने तो विनोद त्यांना सांगितला, शब्दाला शब्द. त्यांना तो आठवला नाही. असं बोललो असेन तर फार चुकलं, माफ करा, असं ते ताबडतोब म्हणाले. सकाळपासून ते सगळ्यांचीच माफी मागत होते, त्यातच ही एक. दर्शनाला वाटलं, सोळा वर्षं ज्यासाठी थांबले ते हे? तिने स्टीअरिंग घट्ट धरलं आणि म्हणाली, "ती चूक मला पहिल्याच दिवशी दिसली होती."

गाडी पुलाखाली आली.

"पहिल्याच दिवशी?"

"हो."

"मी बुधवारी गेलेलो त्या अक्षदाताईंकडे," परुळेकर म्हणाले. "ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसत्या बसून होत्या. वहीत म्हाताऱ्यांची नावं लिहिलेली, आता कोण कोण उरलंय त्यावर खुणा करत होत्या. त्या बाईंनी तुमचं काय वाकडं केलं होतं हो?"

त्या बाईंचा विचार दर्शनाने खरंच एकदाही केला नव्हता. परुळेकर उतरले, दार हलकेच लावलं आणि मागे न बघता रस्ता ओलांडून गेले.

पुढचे दोन महिने ती त्यांच्या तक्रारीची वाट बघत होती. रोज सकाळी आल्याबरोबर आधी मेल उघडायची. तक्रार आली नाही. मॅनेजरने मात्र तिच्या कडक रिव्ह्यूचं सगळ्यांसमोर कौतुक केलं.

शिवानीने टेस्टिंगमधून कोडिंगला बदली मागितली. दर्शनाने त्याच दिवशी शिफारस लिहून दिली. शिवानीने आभार मानले नाहीत. महिन्याभराने तिचा पहिला पॅच रिव्ह्यूला आला, घाईत केलेला, दोन ठिकाणी सरळसरळ चुकलेला. दर्शनाने पहिली कमेंट लिहिली, 'हे पुन्हा तपास.' मान वर केली तर पलीकडच्या टेबलावरून शिवानी तिच्याकडेच बघत होती. रागाने नाही, वाट बघत असल्यासारखी.

दर्शनाने कमेंट पुसली. त्या दोन्ही चुका स्वतः बसून दुरुस्त केल्या आणि शिवानीच्या नावाने पॅच मंजूर केला. दुसऱ्या दिवशी शिवानीचा आणखी एक आला.