चाळीस कोसांची बैठक

भिकनच्या पायाला भिंगरी आहे हे सुरतेजवळच्या सगळ्या नवागामला ठाऊक होतं. पण एकोणसत्तरच्या त्या पावसाळ्यात गडी अगदीच सैरभैर झाला. उधन्याच्या कारखान्यात कापडाच्या मागापुढे बारा तास उभा राहायचा, घरी येऊन उभ्याउभ्याच भाकरी खायचा, आणि खुंटीवरची एकचाकी सायकल काढून पुन्हा रस्त्यावर. एकचाकी म्हणजे खरोखरच एकचाकी. एक चाक, दोन पायडल, वर दांडा आणि दांड्यावर सीट. हँडल नाही, ब्रेक नाही. देवाचं नाव घ्यायचं आणि तोल सांभाळायचा. त्याची बायको प्रमिला म्हणायची, सटवाईनं याच्या कपाळी बसणं लिहायचंच ठेवलं.

ही सायकल आली सर्कशीतून. भिकन एकोणीस वर्षांचा असताना नंदुरबारच्या बाजारात सर्कस आली, आणि हा पठ्ठ्या ती बघायला गेला तो घरी परतलाच नाही. दोन महिन्यांनी त्याचे वडील, आप्पा, शोधत शोधत धुळ्याला पोचले. तंबूत पाहतात तो काय, पोरगा चमचमती चड्डी घालून एका चाकावर गरगर फिरतोय आणि लोक दात काढताहेत. आप्पांचं डोकं फिरलं. चार लोकांदेखत ते बोलून गेले की आजपासून कानबाईच्या रोटात तुझी मूठ नाही, ज्या चाकापायी घर सोडलंस त्याच चाकावर बसून दारात येशील तेव्हाच तुझा गहू मोजला जाईल.

खानदेशाबाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय एवढं? पण कानबाई म्हणजे खानदेशातल्या घराघराची देवी. श्रावणात रविवारी ती बसते. तिच्या रोटांसाठी घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजायचा, मोजताना त्याचं नाव घ्यायचं. म्हातारा असो की पाळण्यातलं पोर, नाव घेतलं म्हणजे तो त्या घरचा. ते रोट घरच्यांनीच खायचे आणि पुनवेच्या आत संपवायचे, परक्याला त्यातला कणही द्यायचा नाही. मूठ गेली म्हणजे माणूस त्या घराला परका झाला, मग तो कुठं का राहीना.

आप्पा तिसऱ्या वर्षी वारले. भिकनला ते महिन्याभरानं, रायपूरच्या मुक्कामी कळलं. बोललेला शब्द मागं घेणारं माणूसच गेलं, आता कुणाला विनवायचं? गावी थोरला भाऊ सुकदेव होता. पण त्याचं पत्र नाही, याचं नाही. पुढं सर्कस सुरतेत बुडाली, तंबू विकला गेला, वाघ कुठं गेले कोण जाणे. भिकन आपलं चाक घेऊन मागावर लागला, लग्न झालं, आणि बारा श्रावण असेच गेले. उधन्याहून ताप्ती लाइनची गाडी थेट त्याच्या मुलखात जाते, तिची शिट्टी चाळीत ऐकू येते. पण गाडीनं जाऊन करायचं काय? पाव्हण्यासारखं ओट्यावर बसून दुसऱ्यांना रोट खाताना बघायचं?

त्या वर्षी मुलगा झाला. पाच महिन्यांचं पोर मांडीवर घेऊन प्रमिलानं एकदा सरळ विचारलं, बापाचीच मूठ नाही तर याची कुठून येणार? दुसऱ्या दिवशी भिकननं कारखान्यात आठ दिवसांची रजा मागितली आणि बायकोला सांगितलं की कानबाईच्या आदल्या शनिवारी, गहू मोजायच्या आत, मी चाकावर बसून दारात पोचणार. नवागामपासून गाव चाळीस कोस. तू रविवारी पोराला घेऊन गाडीनं ये.

चाळीस कोस चालवायला पाय होते, छाती होती, तोलही होता. घोडं अडलं ते बसण्यापाशी.

सर्कशीत खेळ पाच मिनिटांचा. पाच मिनिटं माणूस खिळ्यांवरही बसेल. तिथली सीट म्हणजे लाकडाची चिंचोळी फळी, वर लाल रेक्झीन. तिच्यावर बसून भिकन कामरेजला निघाला, म्हटलं जाऊन येऊन बघू. अर्ध्या वाटेतच मांड्यांना मुंग्या आल्या. दोन चाकांच्या सायकलवर माणूस वाकतो, थोडं वजन हातांवर टाकतो. इथं हात मोकळे, वाऱ्यावर. पाठ ताठ, आणि अंगाचा सगळा भार त्या वीतभर फळीवर. उतरला तेव्हा कमरेखाली आपलं काही आहे की नाही, हे त्याला हात लावून बघावं लागलं.

मग त्यानं साध्या सायकलची स्प्रिंगवाली सीट बसवली. तिनं तर खड्ड्याखड्ड्याला असा उडवला की पायडलं सुटायची आणि पायांच्या आधी बूड जमिनीवर. चाळीतल्या रंभाबाईनं दोनदा उचलून उभा केला. म्हणाली, भिकनभाऊ, गाढवावर बस, निदान ते थांबतं तरी.

तेव्हा प्रमिलानं मनावर घेतलं. मागावरून निघालेल्या नायलॉनच्या धाग्याचे गुंतवळे कारखान्यात ढिगानं पडलेले असत. ते आणून, पिंजून, तिनं चांगली वीतभर जाडीची गादी शिवली, वरून गुळगुळीत आर्टसिल्कची खोळ. हात ठेवला की मनगटापर्यंत आत जावा. चाळीतल्या बायका येऊन दाबून दाबून बघून गेल्या. बारा बारा तास उभं राहणारी माणसं ती, त्यांच्या लेखी मऊ म्हणजेच आराम. भिकनलाही पटलं. आता कामरेज काय, काशीला जातो, म्हणून निघाला.

कामरेजला पोचला खरा, पण परत आला तो बैलगाडीत पालथा पडून. मऊ गादीत बूड रुतलं, रुतलं तसं घासलं. नायलॉन काही घाम पीत नाही, आतल्या आत शिजल्यासारखं झालं. दोन्ही जांघा सोलून निघाल्या. प्रमिला खोबरेल आणि हळद लावत बसली आणि लावता लावता रडायला लागली, माझ्याच हातानं केलं म्हणून. भिकन तिच्यावर ओरडला. मग ओरडल्याचं त्यालाच वाईट वाटलं. शनिवारला बारा दिवस राहिले होते आणि त्याला धड पाठीवर निजताही येत नव्हतं. सकाळी कोंबड्याआधी उठून तो चाळीपुढच्या चिखलात फेंगडा फेंगडा फेऱ्या मारायचा. प्रमिला दारातून बघायची.

बन्सीलालचं नाव त्याला मागावरच्या एकानं सांगितलं. हा बन्सीलाल मूळचा अमळनेरचा. त्याचा बाप गायकवाडीत घोड्यांची जीनं शिवायचा. आता घोडे गेले, म्हणून बन्सीलाल उधन्यात मागाचे चामडी पट्टे सांधायचा आणि स्टेशनावरच्या टांग्यांचा साज दुरुस्त करायचा. साठी उलटलेली, तोंडात पान, बोलणं तिरकस. त्यानं आधी ती नायलॉनची गादी हातात घेतली, दाबली, आणि नवी नवरी बसवायची आहे का हिच्यावर, असं विचारलं. मग भिकनला लंगडताना पाहून हसायचा थांबला.

त्यानं अंगणात ओल्या मातीचा पाट थापला आणि भिकनला त्यावर बसायला लावलं. भिकनला कळेना ही कसली थट्टा. पण बसला, उठला. मातीत दोन खळगे उमटले होते, अंड्याएवढे, मध्ये चार बोटं जागा.

"ही तुझी दोन हाडं," बन्सीलाल म्हणाला. "देवानं बसायला एवढीच दिली आहेत. मऊ गादीत हाड खाली जातं, मांस वर येतं आणि मांसच सोलतं. खोगिरात फार कापूस भरला की घोड्याची पाठ अशीच फुटते. तुला मऊ नको, भाऊ. तुला तुझ्या मापाचं पाहिजे."

एवढं बोलून तो कामाला लागला. टांग्याच्या जुन्या कमानीचा लोखंडी पाटा घेऊन तो वाकवून पुढं-मागं वर उचलला, मध्ये खोलगट, म्हणजे माणूस पुढंही घसरायचा नाही आणि मागंही. त्यावर मागाचा जुना पट्टा ताणला. दहा वर्षं चाकावरून फिरून फिरून ते चामडं तुळतुळीत झालेलं, पण ढिलं नाही. दोन खळग्यांच्या जागी आतून लोकरीचं एकेक पातळ घडीचं नमदं, आणि मधोमध बोटभर रुंद चीर कापून मोकळी ठेवलेली, नाजूक जागी भार पडू नये म्हणून. खाली नेसायला सुती लंगोट सांगितला, जाड शिवण मध्ये येता कामा नये. आणि बजावलं की दर शंभर पायडलांना क्षणभर पायांवर उभं राहायचं, रक्त फिरू द्यायचं.

भिकन बसून बघतो तर सीट दगडासारखी. त्याचा चेहरा पडला. बन्सीलाल म्हणाला, तीन दिवस चावेल, चौथ्या दिवशी ओळखेल.

तीन दिवस ती सीट खरंच चावली. भिकननं बन्सीलालच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. जखमा भरत आल्या होत्या तोवर हा रोज उधन्याहून सचिन गावापर्यंत जाऊन यायचा, दात खाऊन. चौथ्या दिवशी परतताना, चाळीच्या तोंडाशी आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आज आपण सीटचा विचारच केला नाही. तो उतरला नाही, तसाच पुढं जाऊन आणखी एक चक्कर मारून आला. प्रमिलाला म्हणाला, जमलं.

मंगळवारी पहाटे निघाला. स्वतःला एक नेम घालून घेतला होता, दमलं तर उतरायचं, निजायचं, पण पुढचं पाऊल चाकावरच टाकायचं, पायी नाही. बारडोली, व्यारा, सोनगड. गावोगावची पोरं मागं धावत, बायका हातातलं काम टाकून दारात येत. एका चहावाल्यानं विचारलं, दुसरं चाक कुठं हरवलं? भिकन म्हणाला, गावी राहिलंय, आणायला चाललोय. वर हसला, पण चहा उभ्यानंच घेऊन निघाला. त्याला सारखं वाटत होतं की आपण पोचू तोवर गहू मोजून झालेला असेल. सोनगडच्या पुढं चढाला पावसानं गाठलं, तीनदा पडला, कोपर फुटलं. सीट मात्र ओली होऊन अंगाशी आणखी जुळली. नवापूर मागं पडलं तेव्हा शनिवारचे दोन वाजून गेले होते.

गावात शिरताना कोणी त्याला ओळखलं नाही. गल्लीत गुडघाभर चिखल. चाक रुतायला लागलं, पण उतरायचं नव्हतं. तो भिंतीच्या कडेच्या दगडांवरून, एकेक दगड बघत, घरापर्यंत आला. ओट्याला खेटून चाक थांबवलं आणि एका हातानं खांब धरून तसाच सीटवर बसून राहिला.

आत गहू मोजणं चाललं होतं. दारातून त्याला सुकदेवची पाठ दिसत होती, केस पिकलेले. वहिनी, केशरबाई, समोर सूप धरून बसली होती. सुकदेव गव्हात हात घालायचा, मूठ सुपात टाकायचा, वर पाव मूठ आणि नाव घ्यायचा. आधी स्वतःचं. मग आपल्या दोन्ही मुलांची. मग हात पुन्हा गव्हात गेला, आणि मागल्या नावांच्याच सुरात, वर न बघता, सुकदेव म्हणाला, "भिकन."

सव्वा मूठ सुपात पडली.

भिकनला आधी आनंद झाला नाही, खरं सांगायचं तर संताप आला. पाच दिवस हाडं मोडून, कातडं सोलून घेऊन तो आला होता, आणि इथं त्याचं नाव असं, मिठाच्या खड्यासारखं सहज पडत होतं. तो दारातूनच ओरडला, आप्पांनी माझी मूठ बंद केली होती, मग ही कुणाची?

केशरबाईच्या हातून सूप निसटता निसटता राहिलं. सुकदेवनं वळून पाहिलं. चिखलानं माखलेला, दाढी वाढलेला, एका चाकावर खांबाला धरून बसलेला भाऊ. मग सुकदेव अहिराणीत, शांतपणे म्हणाला,

"आप्पा तुले बोलनात. माले नही बोलनात."

आणि मग आप्पा जिवंत असतानाची तिन्ही वर्षं कशी गेली ते त्यानं सांगितलं. म्हातारा स्वतः गहू मोजायचा, तिसरी मूठ टाकायचा, पण नाव घ्यायचा नाही, नुसता खोकायचा. घरात कुणी विचारायचं नाही. आप्पा गेल्यावर हात सुकदेवचा आला, त्याला खोकायचं काही कारण नव्हतं, म्हणून तो नाव घ्यायला लागला. जिवंत माणसाची मूठ कोण काढतं? ती मेलेल्याचीच निघते, एवढंही तुला कळू नये? सांगता सांगता सुकदेवचा आवाज चढला. बारा वर्षांचा राग होता तो, आणि त्यातला निम्मा रोटांचाच होता. रोट परक्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, पुनवेच्या आत संपवायचे. भिकनच्या वाटचे रोट खायला घरात भिकन नव्हता.

"बारा वरीस तुना रोट मी खादात," सुकदेव म्हणाला. "शिळा. दगडना मायक. रडत रडत खादात."

भिकन सीटवरून उतरला. तो उंबऱ्याशी टेकला आणि तोंड झाकून हुंदके देऊ लागला. केशरबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. सुकदेव उठला नाही. हात गव्हात तसाच ठेवून तो त्याचं रडणं थांबायची वाट बघत राहिला. भिकननं डोळे पुसले आणि सांगितलं, पाच महिन्यांचा पोरगा आहे, उद्या आईबरोबर गाडीनं येतोय. मग सुकदेवनं मूठ भरली आणि सुपावर धरली.

"पोर्‍यानं नाव काय शे?"