गज उचलल्यावर

बारामतीत चेलो, म्हणजे गजानं वाजवायचं थोरलं व्हायोलिन, ऐकायला माणसं जमली हेच नवल, त्यात योगिनीला ऐकवायचा होता तो सूर गज उचलल्यानंतरचा. चेलोच्या पाठीला सौरभनं एक छोटं यंत्र चिकटवलं होतं. तार विझायला लागली की ते तिला हलकेच ढकलायचं, फार चढली की आवरायचं. सौरभ लोणी देवकरच्या कारखान्यात मशिनांचे वेग सांभाळायचा, त्याला हे गणित पाठ होतं. तरी उन्हाळाभर सूर कधी किंचाळला, कधी मेला, आणि योगिनीच्या डोक्याचं पार भजं झालं.

"सावरायची घाई झाली की सूर मरतो," सौरभ म्हणायचा. "यंत्राला धीर धरायला शिकवायला पाहिजे."

अखेर यंत्र शिकलं.

निरवांगीहून तिचे वडील, महिपतीआबा, पहिल्या रांगेत येऊन बसले होते. लेकीचं वाजवणं त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं. तो एक सूर त्यांनी ऐकावा, बाकी सभागृह गेलं खड्ड्यात, असं तिला वाटत होतं.

तिनं वाजवलं, गज उचलला. सूर उभा राहतोय तोच आबांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. यंत्राला वाटलं, चेलोच चढला. त्यानं तार आवरली आणि सूर मेला.

दातओठ खात योगिनीनं माईक घेतला. "मी उठेपर्यंत कृपा करून टाळ्या नकोत."

पुन्हा गज उचलला. सूर राहिला, दाट, एकसारखा. मागं कुणी खाकरलं, कुणी फिसकन हसलं. आणि जन्मभर मेंढरं हाकलेल्या हातांची टाळी कडाडली. संपलं.

बाहेर गाडीत चेलो ठेवताना तिचा बांध फुटला. "आबा, माईकवरनं सांगितलं हुतं की. तरी तुमीच का?"

आबांनी टोपी काढली. "तू हात थांबवलास, समदी गप. मागं कोन तरी हसलं. म्हनलं, पोर पुढचं इसरली. चारचौघांत तुजी फजिती नको."

योगिनीला रागानं रडू आलं. या माणसाला धीर कोण शिकवणार?

"पन तू थांबल्यावर कुठनं तरी लई ग्वाड आवाज येत हुता," आबा म्हणाले. "त्यो काय हुता गं? पुरा ऐकायचा राह्यला."

तिनं वळून पाहिलं. सौरभनं यंत्र काढून त्याची वायर केव्हाच गुंडाळून ठेवली होती.