खालच्या कप्प्यात जाण्याआधी

मी एक उंदीर बोलतोय. दचकू नका, तुमच्या पिठाच्या डब्यामागचा नव्हे. मी कुणाचं कापड कुरतडलेलं नाही की झोपेत कुणाच्या पायावरून गेलेलो नाही. मी प्रयोगशाळेतला उंदीर. काळा, तुकतुकीत, उजव्या कानाला भोक असलेला. पारदर्शक पिंजऱ्यात जन्मलो आणि तिथेच म्हातारा झालो. म्हणजे, व्हायला हवा होतो.

आईची मला फार आठवण नाही. कापसाच्या घरट्यातली ऊब आठवते, आणि डोळे उघडल्यावर दिसलेली पिंजऱ्यांची मांडणी. जरा मोठे झाल्यावर आमच्या वाटण्या झाल्या. काहींच्या डाव्या कानाला भोक पाडलं, काहींच्या उजव्या. डाव्यांना नुसत्या खारट पाण्याची सुई, उजव्यांना औषधाची. कुणाच्या वाट्याला काय यावं हे देवाच्या हाती, असं माणसं म्हणतात. आमच्याकडे ते बाईंच्या हाती होतं.

बाई म्हणजे इथल्या शास्त्रज्ञ. सगळे त्यांना मॅडम म्हणतात, मी मनातल्या मनात बाई म्हणतो. हात नेहमी गार, पण पकड मायेची. सुई टोचण्याआधी मानेवरून अंगठा फिरवून म्हणायच्या, "झालं हं राजा, झालं." अजून झालेलं नसायचं, तरी बरं वाटायचं.

हे औषध काय, ते मला कळलं बाईंच्या आईमुळे. आजींना भिंतीला धरून चालावं लागे. हातातला कप थरथरून अर्धा चहा बशीत सांडायचा. एका सुट्टीच्या सकाळी बाई त्यांना इथे घेऊन आल्या आणि माझ्या पिंजऱ्याशेजारच्या स्टुलावर बसवलं.

"आता मला समजेल असं सांग," आजी म्हणाल्या. "तुझं ते पुस्तकातलं नको."

"आई, आपल्या शरीराच्या कणाकणात बारक्या बारक्या चुली असतात. तंतुकणिका म्हणतात त्यांना. खाल्लेल्या अन्नाची तिथे शक्ती होते."

"बरं."

"या चुली नुसत्या जळत नाहीत, घरभर निरोपही धाडतात. सगळं ठीक आहे, इथे डागडुजी करा, तिथे जरा आवरा, असे. तो निरोप म्हणजे प्रथिनाची एक इवलीशी साखळी. वय झालं की निरोप कमी होतात आणि घर हळूहळू पडायला लागतं. मी तो निरोप बाहेरून बनवलाय."

"म्हणजे चुलीच्या नावानं तू खोटी चिठ्ठी पाठवतेस!"

बाई हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आणि आई, ही चूल बापाकडून मिळत नाही. प्रत्येकाला ती आईकडूनच येते. माझ्यात जी आहे ती तुझीच."

 आजी लेकीचा गार हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसल्या. त्या हातांना थरथर होती, पण त्यांनी तो सोडला नाही.

त्या दिवशी आजींना पहिली सुई दिली गेली, माझ्याच बाटलीतली. पिंजरे साफ करणारे, आम्हाला दाणापाणी देणारे दादा दारात उभे होते. त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम, राहवत नाही म्हणून बोलतो. उंदराचं औषध माणसाला, तेही कुणाला न विचारता..."

"परवानगी यायला वर्षं लागतील, दादा. तेवढा वेळ आईकडे नाही."

"अहो, मी काय आता देवाच्या दारात चपला काढून बसलेय," आजी म्हणाल्या. "उंदराला चालतं ते मला चालेल. आजपासून हा माझा भाऊ." असं म्हणून त्यांनी पिंजऱ्यावर टिचकी मारली. मी मिशा हलवल्या. कुणीतरी नातं लावलं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

जाताना त्या दादांना म्हणाल्या, "मी चहातली साखर सोडलीय. लेकीचं काम फळाला येईल त्या दिवशी इथे बसून दोन चमचे घालून पिणार. साखर आणून ठेवा."

औषधाचा गुण आला, हे मी खोटं बोलणार नाही. माझ्याबरोबरच्या डाव्या कानवाल्यांची पाठ वाकली, केस पिंजारले, डोळ्यांवर पांढुरका पडदा आला. फिरत्या दांड्यावर आम्हाला चालवायचे, तर ते दोन पावलांत खाली पडायचे. मी मात्र असा धावायचो की बाई कौतुकानं दुसऱ्यांना बोलावून आणायच्या. "बघा, बघा माझा पैलवान!"

आजींचंही तसंच. आधी भिंत सुटली. मग कप बशीत स्थिरावला. एकदा तर जिना चढून आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "भाऊराया, लिफ्ट बंद होती, तरी आले!" बाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले. कुणालाही आनंद व्हावा असंच ते होतं. मलाही झाला.

पण चूल पेटली की घरातलं सगळंच उबेला येतं. नको ते सुद्धा.

आम्हा उंदरांना डोळे अधू मिळालेत, पण नाकाची देणगी मोठी. दुखण्याला वास असतो. शेजारच्या पिंजऱ्यातल्या माझ्या भावाच्या अंगाला तो पहिल्यांदा आला. भिजून राहिलेल्या धान्यासारखा, गोडसर, घशाशी येणारा. भाऊ तेव्हा छान धावत होता, खात होता. काही आठवड्यांनी त्याच्या पोटाशी गाठ दिसली. दादांनी बाईंना दाखवली.

"या जातीच्या उंदरांना गाठी होतातच," बाई म्हणाल्या. "खालच्या कप्प्यात ठेवा."

हा खालचा कप्पा काय ते सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलंय. फार पूर्वी दोन उंदीर भांडले आणि एक जखमांनी मेला. तो काही म्हातारपणानं मेला नव्हता. मग किती जगला हे मोजताना त्याला कसा धरायचा? बाईंनी नियम केला, की म्हातारपणानं गेला तरच मोजायचा. दुसऱ्या कशानं गेला तर बाजूला काढायचा. नियम शहाणपणाचा होता. बाजूला काढलेले मांडणीच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात जायचे, मेल्यावर तिथून फ्रीझरमधल्या पिशवीत. पुढे कुणी सर्दीनं गेला, तोही तिथे. आणि एकदा वाट पडली म्हटल्यावर गाठवालेही त्याच वाटेनं गेले.

एक गेला, मग दुसरा. माझ्या रांगेतले पिंजरे रिकामे होऊ लागले. दादा भुसा झटकून ते धुऊन पालथे घालायचे. आणि तिकडे बाईंच्या संगणकावरची, कोण किती जगला ते दाखवणारी रेघ दिवसेंदिवस सुंदर होत होती. तिच्यात आता औषध घेऊनही धडधाकट राहिलेले तेवढेच उरले होते. माणसांची ही सवय मी जवळून पाहिली आहे. जे गोष्टीत बसत नाही त्याला ती वाईट बुद्धीनं फेकत नाहीत. नीट पिशवीत घालून, प्रेमानं बाजूला ठेवतात.

मग एका सकाळी तोच वास आला, आणि तो माझ्याच अंगाला होता.

मला भीती वाटली, पण माझं एवढं काय? उंदराचं आयुष्य ते किती. काळजाचं पाणी झालं ते पुढच्या सुट्टीच्या दिवशी. आजी आल्या, खाली वाकून पिंजऱ्याशी तोंड नेऊन म्हणाल्या, "कसा आहेस रे?" त्यांच्या साबणाच्या, पावडरीच्या वासाखाली, अगदी तळाशी, पुसट, कोवळा, भिजलेल्या धान्याचा वास होता.

मी जाळीवर पाय आपटले, चिरकलो, गोल गोल फिरलो.

"बघ कसा आनंदलाय मला बघून!" आजी म्हणाल्या.

बाईंनी माझ्या धावण्याची चित्रफीत काढली.

आजची सकाळ अशी उजाडली की बाईंचा लेख मोठ्या मासिकानं स्वीकारल्याचं कळलं. दादांनी टेबलावर चहा मांडला, शेजारी साखरेचा डबा. आजी नवी शाल घेऊन स्टुलावर बसल्या होत्या. बाहेर कोवळं ऊन होतं, आत यंत्रांची घरघर.

"आधी पैलवानाला सुई देते, मग तुला," बाई म्हणाल्या. त्यांनी मला उचललं. सवयीनं अंगठा मानेवरून पुढच्या पायाखाली गेला आणि तिथेच थांबला.

किती वेळ तो हललाच नाही.

"तू पण?" बाई पुटपुटल्या. मग मला दादांकडे देत म्हणाल्या, "दादा, ह्याला खालच्या कप्प्यात."

"अगं, कुठे नेताय माझ्या भावाला?" आजींचा चमचा साखरेच्या डब्यात होता.

"त्याला गाठ झालीय, आई. होतात या जातीला. ह्याला आता धरायचं नाही."

"धरायचं नाही म्हणजे?"

"मोजायचं नाही. लेखातली संख्या ठरलीय आता."

"हे काय बाई!" आजी खरंच दुखावल्या. "जन्मभर सुया टोचून घेतल्या बिचाऱ्यानं, आणि आजारी पडला म्हणून तुझ्या मोजणीतून गेला?" मग हसून, सहज, चमच्यातली साखर सारखी करत म्हणाल्या, "उद्या मला काही झालं, तर मलाही मोजायची नाहीस का गं?"

बाईंनी वळून माझ्या रांगेतल्या रिकाम्या पिंजऱ्यांकडे पाहिलं. दादांच्या हातात मी होतो, ते जागच्या जागी थबकले.

"दादा," बाईंचा आवाज मला ओळखू आला नाही. "खालच्या कप्प्यातून फ्रीझरमध्ये गेलेले... त्यांत उजव्या कानाचे, औषधवाले, किती होते?"

"ते कधी बघितलं नाही, मॅडम. मोजायचे नाहीत असं तुम्हीच..."

"काढा. सगळे काढा."

पिशव्या आल्या. बर्फानं कडक झालेले माझे भाऊ एकेक करून ट्रेमध्ये ठेवले गेले. बाई वाकून कान बघत होत्या. उजवा. उजवा. डावा, हा जखमांचा. उजवा. उजवा. पुढे त्यांनी म्हणणं सोडून दिलं, नुसतं बोट एका कानावरून दुसऱ्या कानाकडे जात राहिलं.

"काय झालं गं बाळ?" आजींनी विचारलं.

"आई, तो चहा खाली ठेव. शाल काढ. तुला कुठे काही हाताला लागतं का, सांग."

"अगं, काही नाही. काखेत जरासं... एवढंसं आहे."

आजींच्या हातातला चमचा बशीत पडला. 

आता मी टेबलावर आहे, पांढऱ्या दिव्याखाली. बाईंनी हातमोजे घातलेत. मला झोपेची सुई देऊन त्या मला उघडून बघणार, आत कुठवर काय पसरलंय ते. मला वाईट वाटत नाही. माझ्या अंगात ते फार पुढे गेलंय. आजींच्या अंगाचा वास अजून कोवळा आहे, आणि माणसाची चूल उंदरासारखी भराभर जळत नाही. कोवळं असतानाच धरलं तर काढता येतं, असं मी या खोलीतच ऐकलंय. देव करो आणि ते खरं ठरो.

दादांनी दवाखान्यात फोन लावलाय. आजी पिंजऱ्यावर हात ठेवून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणतायत. त्यात माझंही नाव असावं. नाव मला नाही, पण भाऊ म्हटलं तरी पोचतं.

अंगठा मानेवरून फिरला. "झालं हं राजा, झालं."

बाई, एवढंच मागतो. मासिकाला कळवा, लेख थांबवा, ती सुंदर रेघ वाकडी होऊ द्या. फ्रीझरमधल्या माझ्या भावांना मोजा. मला मोजा.