हाराआड राहिलेली किल्ली

वाचकहो आणि बालमित्रांनो, प्रस्तुत ठिकाणी अशा एका वस्तूची जीवनकथा सादर होत आहे, जी डोळ्यांस दिसत नाही व हातास लागत नाही. तिच्यापायी एका निरपराध बाईची नोकरी जाण्याची वेळ आली होती. ती वस्तू आता स्वमुखाने बोलेल.

मी एक जुनी किल्ली-फाईल आहे. माझ्या पोटात अवघ्या दहा ओळी आहेत. प्रत्येक ओळीत एक क्रमांक आणि एक गुप्त शब्द. आज त्यांतील एकही शब्द कोठे चालत नाही, म्हणूनच मी मोकळेपणाने बोलू शकते. चालू किल्लीने तोंड उघडू नये, असा आमच्या जातीचा नियम आहे.

मित्रांनो, माझा जन्म परळच्या एका बंद गिरणीच्या आवारात झाला. संपानंतर ती गिरणी पुन्हा धड उभी राहिली नाही. पुढे तिच्या सूतखात्याच्या जागेत एक कचेरी आली. वरच्या मजल्यावर मुख्य संगणक बसवला गेला आणि फाटकावर हजेरीचा छोटा संगणक. संगणकाच्या पोटातले घड्याळ दररोज थोडे पुढे किंवा मागे सरकते. म्हणून मुख्य संगणक फाटकावरच्या संगणकास नेमाने अचूक वेळ कळवी. परंतु भलत्याच कोणी खोटी वेळ कळवली तर काय करावे? त्यासाठी मी होते.

संगणकाचे काम पाहणाऱ्या गंगाधर साहेबांनी मला लिहिले आणि माझी सारखी प्रत दोन्हीकडे ठेवली. मी फाटकावरची. मुख्य संगणक गुप्त शब्दाच्या आधारे वेळेवर मोहोर उमटवी. फाटकावरचा संगणक मला विचारून ती मोहोर ताडून पाही. जुळली तर वेळ घ्यायची. न जुळली तर टाकून द्यायची, मग ती वेळ खरी का असेना.

फाटकावर धर्मा नावाचा पहारेकरी होता. तो पूर्वी याच गिरणीत कापड विणणारे साचे चालवी. साहेबांनी त्यास माझे काम समजावून सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "एवढं काय त्यात, साहेब? आमच्या भोंग्याचं तसंच होतं. चारी बाजूंनी भोंगे व्हायचे, पण माणूस आपल्याच भोंग्याला उठायचा. दुसऱ्याचा झाला तर कूस बदलायचा."

"आणि संपात?"

"संपात आपलाच भोंगा व्हायचा. रोज. कोण उठलं नाही." एवढे बोलून तो चहा आणण्यास गेला.

दोन वर्षे माझे फार कौतुक झाले. फाटकावरची वेळ सेकंदानेही चुकत नसे. धर्मा दररोज सकाळी आपले मनगटी घड्याळ तिच्यावरून लावी.

मित्रांनो, गुप्त शब्द फार दिवस तोच ठेवू नये. त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी गंगाधर साहेबांनी मुख्य संगणकावर नवी किल्ली घातली व ते फाटकावर आले. तोवर धर्माने तेथील संगणकाची पूजा आटोपली होती. वर झेंडूचा हार होता, पुढे आपट्याची पाने होती, पडद्याच्या कडेस हळदकुंकू होते.

"साहेब, आज हत्याराला हात लावायचा नाही," धर्मा आडवा उभा राहिला. "गिरणीत आम्ही साच्याला लावत नव्हतो."

"अरे, दोन मिनिटांचं काम आहे."

"देवाच्या कामात दोन मिनिटं नसतात."

साहेब हसले. "बरं बाबा, उद्या करतो." दुसऱ्या दिवशी त्यांस फोर्टातल्या कचेरीत पाठवण्यात आले. महिन्याने ते परतले, तरी काम राहिले ते राहिलेच.

त्या दिवसापासून खरी वेळ नव्या मोहोरेनिशी माझ्या दारी येई आणि ती मोहोर माझ्याशी जुळत नसे. संगणक तिला परत पाठवी. मला तसेच शिकवले होते. घड्याळ दिवसाला पाच सेकंद पुढे धावू लागले. पौष सरेपर्यंत ते नऊ मिनिटे पुढे गेले. कारकून मंडळींना पंधरा मिनिटांची सूट होती, म्हणून त्यांच्यापैकी कोणास काही जाणवले नाही. झाडलोट करणाऱ्यांना सूट नव्हती.

त्यांच्यापैकी मंजुळाबाई लालबागहून पायी येत. त्यांचा नवरा संपात घरी बसला तो बसलाच. घर त्यांच्याच झाडूवर चाले. आठच्या आत आलेल्या असूनही त्यांच्या नावापुढे उशिराचे शेरे पडू लागले. पाचव्या शेऱ्याच्या दिवशी हजेरीचे अधिकारी हेमचंद्र साहेब म्हणाले, "बाई, शनिवारपासून येऊ नका."

मंजुळाबाई फाटकावर येऊन उभ्या राहिल्या. "धर्माभाऊ, तुम्ही तरी सांगा. चाळीत नळ सात-चाळीसला जातो. हंडा ठेवते नि निघते. पंधरा मिनिटांची वाट. मला उशीर होईलच कसा?"

"मंजुळे, मशीन आठ-चार म्हणालं. माझं घड्याळपण आठ-चारच म्हणालं. दोघं खोटे कसे पडतील?"

"तुमचं घड्याळ कशावरनं लावता?"

धर्माने संगणकाकडे बोट केले. "ह्याच्यावरनं."

"वा! सासूनं सांगितलं नि नवऱ्यानं मान हलवली. ह्या दोन साक्षी झाल्या होय?"

धर्माने मनगटावरचे घड्याळ सोडून खिशात टाकले व तो जिना चढून वर गेला. गंगाधर साहेबांनी दोन्ही संगणकांवरच्या वेळा ताडून पाहिल्या. "नऊ मिनिटं! वरून रोज हाक जातेय, खालचा ऐकत कसा नाही?"

"साहेब, दुसऱ्याचा भोंगा समजत असेल."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "दसरा!" खाली येऊन पाहिले, तो संगणकाच्या मागे वाळलेला हार तसाच होता.

सारी हकीकत ऐकून हेमचंद्र साहेब म्हणाले, "तू अडवलंस हे लेखी देशील? तुझ्यावर येईल, धर्मा."

"देतो, साहेब."

सातवी शिकलेल्या त्या माणसाने एक पान लिहिण्यास सारी दुपार घालवली. मंजुळाबाईंचे पाचही शेरे खोडण्यात आले. धर्माची बदली मागच्या फाटकावर झाली. माझ्या जागी नवी किल्ली आली. साहेबांनी मला एका फ्लॉपीवर उतरवून धर्माच्या हाती दिले. "ठेव आठवण. आता हिनं काही उघडत नाही."

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. किल्ली बदलाल तेव्हा सर्व दारांची बदला. आणि दोन घड्याळे एकच वेळ सांगू लागली, तर एकाने दुसऱ्याकडून ती घेतली नाही ना, हे आधी विचारा. मंजुळाबाईंस हे कोणी शिकवले नव्हते.

त्या दुपारचे पान हे माझे पहिले लेखन. हे दुसरे. येथवर वाचल्याबद्दल सर्वांचा आभारी आहे.

आपला नम्र,
धर्मा बाबाजी घाडी
मागचे फाटक, पूर्वीचे साचेखाते