कण्हणारी व्हॅन

अंगणात पन्नास-साठ माणसं व्हॅनकडे पाठ करून, डोळे मिटून उभी होती आणि त्यांच्यात मीही होतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. सांगायला लाज वाटते, पण मागे बघायची माझीही हिंमत नव्हती.

दादा जाऊन दोन महिने झाले होते. त्याची जुनी व्हॅन आता वहिनी चालवायची, रोज अकरा मुलं शाळेत न्यायची-आणायची. एके दिवशी व्हॅन कण्हायला लागली. स्टिअरिंग वळवलं की बॉनेटखालून लांब, दबका आवाज यायचा. दादा शेवटच्या आजारपणात कण्हायचा, अगदी तसा. शेजारी म्हणाले, मालकाचा जीव गाडीत अडकलाय. मग गाड्यांची बाधा उतरवणारा चाकबाबा आला.

त्याने स्टिअरिंग वळवून ते कण्हणं सगळ्यांना ऐकवलं. "जीव तहानलाय," तो म्हणाला. "त्याला पाजतो. तोवर मागे बघाल, तर त्याची नजर तुमच्यावर पडेल. मग मी जबाबदार नाही."

जबाबदार तो कशालाच नव्हता. आम्ही वळलो तेव्हा इंजिन चालू होतं, चाकं वळत होती आणि व्हॅन गप्प होती. वहिनीने त्याचे पाय धरले. आत एका पाइपाला त्याने काळं फडकं घट्ट बांधलं होतं. ही गाठ सोडाल त्या दिवशी घरातलं आणखी एक माणूस जाईल, असं बजावून स्वारी निघून गेली.

आठ दिवसांत कण्हणं परत आलं. बाबाने परत पाजलं. या वेळी ते सहाच दिवस टिकलं.

सातव्या दिवशी उतारावरच्या वळणावर स्टिअरिंग एकदम जड झालं. वहिनीने सीटवरून उठून अंगाचा सगळा भार टाकला, तेव्हा कुठे व्हॅन वळली आणि कठड्याला घासत थांबली. पलीकडे खोल उतरण होती. मुलं रडायचंही विसरली होती. घरी आल्यावर वहिनी पायरीवरच बसली. उद्या बाबांना बोलावते, एवढंच ती म्हणत राहिली. मला गाठीची भीती वाटत होतीच, पण उद्याच्या त्या वळणाची जास्त वाटली.

मी बॉनेट उघडलं. वहिनीने माझा हात धरला. "भावजी, नका सोडू. या घरात आता आपण दोघंच उरलोय."

दोनदा मी हात मागे घेतला. तिसऱ्यांदा गाठ सोडली.

फडकं तेलाने थबथबलं होतं. खाली रबरी पाइपाला चीर पडली होती आणि त्याची क्लिप गंजून सैल झाली होती. पॉवर स्टिअरिंगचा पंप तेलाच्या दाबाने चाकं वळवायला मदत करतो. तेल गळून कमी झालं की पंप हवा ओढतो आणि कण्हतो. आणखी कमी झालं की स्टिअरिंग जड होतं. तहान होती ती तेलाची. आम्हाला पाठ करायला लावून बाबा पंपाच्या टाकीत तेल ओतायचा आणि गळती जमिनीवर दिसू नये म्हणून फडकं बांधायचा.

मी शेजाऱ्यांना बोलावलं, दुकानातून आणलेलं लाल तेल सगळ्यांदेखत ओतलं. कण्हणं थांबलं. मग नवा पाइप आणि नव्या क्लिपा बसवल्या, पुढची चाकं जॅकवर उचलली आणि टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत वहिनीला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं.

सगळं शांत झाल्यावर तिने विचारलं, "म्हणजे ते कण्हत नव्हते?"

"नाही, वहिनी. दादा केव्हाच सुटला."

मग ती खूप रडली, आणि मीही.

दुसऱ्या दिवशी तिने दारोदार जाऊन आईबापांना सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. नऊ मुलं व्हॅनमध्ये बसली. दोन घरांनी पाठवली नाहीत, कारण आम्ही गाठ सोडली होती. फुटक्या पाइपाच्या व्हॅनमधून त्यांनी रोज मुलं पाठवली होती. दुरुस्त व्हॅनची मात्र त्यांना भीती वाटली.

भीती वाटण्यात कमीपणा नाही, मलाही वाटली. पण कोणी "बघू नका" म्हणालं, तर आधी तेच बघा. आम्ही बघितलं नाही, आणि त्याची किंमत त्या वळणावर अकरा मुलं मोजणार होती.